मोआबच्या खडकावर दोन जीप

हळू जाण्यात केवढी ताकद असते! अमेरिकेत, यूटामधल्या मोआबला, तांबूस वालुकाश्माच्या उघड्या खडकावर मला एकाच दिवशी दोन जीपमध्ये बसायला मिळालं. एक १९४३ ची विलिज एमबी, दुसरी २००३ ची रँग्लर रूबिकॉन. मध्ये साठ वर्षं, आणि दोघींचं जन्मगाव एकच, ओहायोतलं टोलेडो!

विलिजला दारं नाहीत, पुढची काच बोनेटवर पाडलेली, पेट्रोलची टाकी थेट चालकाच्या सीटखाली. इंजिन २.२ लिटरचं, साठ अश्वशक्तीचं. समोर छातीवर येणारा चढ. गाडीच्या मालकांनी छोटा दांडा ओढून लो रेंज टाकली, पहिला गिअर घातला आणि ॲक्सिलरेटरवरचा पाय जवळजवळ काढूनच घेतला. तरी गाडी चढतेय! लो रेंजनं वेग निम्मा केला की चाकांवरचा जोर दुप्पट, एवढंच गणित. पण ते अंगाला कळतं तेव्हा काटा येतो. स्प्रिंगचे पाटे प्रत्येक खळगा मणक्यापर्यंत पोचवतात. पोचवू देत!

पुढे एका खाचेत पुढचं डावं आणि मागचं उजवं चाक अधांतरी झालं. तीच दोन गरगर फिरताहेत, टेकलेली दोन ढिम्म! साधा डिफरन्शियल असाच, जिथे अडवणूक नाही तिथेच चाक फिरवत बसतो. मालक खाली उतरले, खडक नीट न्याहाळला, गाडी मागे घेतली, वीतभर उजवीकडून पुन्हा घातली. चढली!

त्याच खाचेत रूबिकॉन अडली, तेव्हा फक्त एक बटण दाबलं गेलं. हवेच्या दाबावर लॉकर लागले, प्रत्येक ॲक्सलची दोन्ही चाकं एकजुटीनं फिरू लागली, आणि चौपट जोराच्या लो रेंजमध्ये ती सरळ वर! पुढचे आणि मागचे दोन्ही लॉकर कारखान्यातूनच बसवून आलेले. रूबिकॉन जास्त समर्थ आहे, वादच नाही. पण वेड लावलं ते विलिजनं, कारण तिथे लॉकरचं काम माणसाची नजर करते.

आणि आपल्याकडच्या महिंद्राच्या जुन्या सीजे-थ्री-बी याच विलिज घराण्यातल्या! गाडी फोर-व्हील असेल तर तोच छोटा दांडा तिच्यातही आहे. घरी परतलो की पहिलं काम, चालू स्थितीतली एखादी शोधायची, मालकाची मनधरणी करायची आणि लो रेंज टाकून चढाला लागायचं!