पुसलेला फळा : गाडीतल्या मॉनिटरांना अनावृत पत्र

नागाव, ता. अलिबाग

प्रिय मॉनिटर मंडळी,



शाळेत बाई वर्गाबाहेर गेल्या की मॉनिटर फळ्यावर दंगा करणाऱ्यांची नावं लिहायचा. बाई परत येण्याआधी कुणीतरी धावत जाऊन फळा पुसून टाकायचं. बाई यायच्या, फळा कोरा दिसायचा आणि सगळा वर्ग शहाणा ठरायचा. गेल्या पावसाळ्यानंतर मी माझ्या गाडीच्या बाबतीत हेच करून घेतलं. तेव्हा तुमची ओळखही नव्हती. आज आहे, म्हणून हे पत्र.

मुरूडहून काशीद, कोर्लई करत परत येत होतो. साळावच्या पुलावरून रेवदंड्याकडे उतरताना मीटरच्या काचेमागे इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागला. गाडी नेहमीसारखी ओढत होती, आवाज बदलला नव्हता, ॲव्हरेजही ठीक होतं. पण पीयूसीची मुदत संपायला चार दिवस उरले होते. वाटेतल्या एका गॅरेजमध्ये थांबलो. तिथल्या माणसाने बॅटरीची एक वायर काढली, थोडा वेळ थांबला, पुन्हा जोडली. दिवा गेला. दुसऱ्या दिवशी पीयूसी केंद्रावर सायलेन्सरमध्ये नळी घातली, आकडे हद्दीत आले, कागद हातात पडला. मी खूश झालो.

चार दिवसांनी ऑइल बदलायला चौलच्या एका गॅरेजमध्ये गेलो. तिथल्या पोराने स्टिअरिंगच्या खालच्या सोळा पिनांच्या सॉकेटमध्ये आपला स्कॅनर खोचला आणि पडदा माझ्यासमोर धरला. दोषाच्या कोडच्या जागी काहीच नव्हतं. खाली मात्र तुमची, म्हणजे गाडीचा संगणक स्वतःच घेत असलेल्या परीक्षांची, नावं ओळीने होती : कॅटॅलिस्ट (धुरातले विषारी वायू कमी करणारा भाग), ऑक्सिजन सेन्सर, सेन्सरचा हीटर. आणि प्रत्येकापुढे एकच शब्द, अपूर्ण. तो म्हणाला, ‘‘काका, हे कुणीतरी पुसलंय. गाडी पास झाली असं समजू नका. तिचे पेपर अजून तपासलेच नाहीत. दिवा परत येईल बघा.’’ आठव्या दिवशी दिवा परत आला.

त्या रात्री मी हे कॅलिफोर्नियातल्या लेकीला फोनवर सांगितलं, तर ती हसलीच नाही. म्हणाली, ‘‘बाबा, माझी गाडी याच कारणावरून परत पाठवली होती.’’ तिकडे दर दोन वर्षांनी गाडीची स्मॉग चेक नावाची तपासणी होते. २००० सालच्या आणि त्यानंतरच्या पेट्रोल गाड्यांच्या सायलेन्सरमध्ये नळी घालतच नाहीत. सॉकेटला यंत्र लावतात आणि तुम्हालाच विचारतात. पेट्रोलच्या टाकीतली वाफ सांभाळणारा तुमच्यातला एक जण अपूर्ण असला तर चालतो, बाकीचे सगळे पूर्ण लागतात. तिने दोनच दिवसांपूर्वी नवी बॅटरी बसवली होती. गाडीत कसलाही बिघाड नव्हता, पण कॅटॅलिस्टच्या मॉनिटरचं काम व्हायचं होतं. तपासणाऱ्याने तिला नापास केलं म्हणण्यापेक्षा, तुमची साक्ष झाल्याशिवाय निकाल द्यायला नकार दिला. मला ते फार न्यायाचं वाटलं.

त्यानंतर मी तुमच्याबद्दल मिळेल ते वाचत गेलो आणि चौलच्या त्या पोराला प्रश्न विचारून भंडावून सोडलं. अमेरिकेत १९९६ पासून प्रत्येक नव्या मोटारीत तुम्ही आहात. आपल्याकडे बीएस-चार या प्रदूषण मानकाच्या गाड्यांना २०१३ पासून तुमची दुसरी, अधिक व्यापक पायरी सक्तीची झाली. १ एप्रिल २०२० ला बीएस-सहा आलं आणि २०२३ पासून तुमच्यावरची जबाबदारी आणखी वाढली. म्हणजे अलिबागच्या एसटी स्टँडसमोर उभ्या असलेल्या बहुतेक नव्या गाड्यांत तुम्ही बसलेले आहात आणि आम्हा मालकांना त्याचा पत्ताही नाही.

तुमच्यातले तिघे कधीच झोपत नाहीत. एक जण इंजिनाचा फेरा मोजतो आणि एखाद्या सिलिंडरने ठिणगी चुकवली की क्रँकशाफ्टच्या गतीतल्या बारीक हिसक्यावरून ओळखतो. दुसरा पेट्रोल आणि हवेचं प्रमाण बघतो. तिसरा सगळ्या सेन्सरांच्या तारा तपासत राहतो. बाकीचे मात्र आपापली वेळ आल्याशिवाय काम सुरू करत नाहीत. ऑक्सिजन सेन्सर सुमारे ३०० अंश तापल्यावर नीट बोलू लागतो. तो लवकर तापावा म्हणून त्यात हीटर असतो आणि बऱ्याच गाड्यांत हीटरची परीक्षा रात्रभर थंड झालेली गाडी सकाळी सुरू केल्यावरच घेता येते. कॅटॅलिस्टची परीक्षा नेमकी उलट. त्याला इंजिन पुरतं तापलेलं हवं, वेग स्थिर हवा आणि तोही बराच वेळ.

ती परीक्षा कशी होते हे कळलं तेव्हा मी तुमचा चाहता झालो. कॅटॅलिस्टच्या आधी एक सेन्सर आणि नंतर एक. पुढच्या सेन्सरचा आकडा सतत वरखाली होतो, जुन्या धाटणीच्या सेन्सरमध्ये साधारण ०.१ ते ०.९ व्होल्ट. कॅटॅलिस्ट जिवंत असेल तर तो ऑक्सिजन धरून ठेवतो, सोडतो, आणि मागच्या सेन्सरपाशी सगळं शांत होतं. मागची रेषा पुढचीसारखीच नाचायला लागली की कॅटॅलिस्ट आपलं काम करत नाही असा तुमचा निष्कर्ष. तोही तुम्ही लगेच जाहीर करत नाही. सहसा लागोपाठ दोन फेऱ्यांत तोच दोष दिसला तरच दिवा लावता. तुमच्या या सबुरीपुढे माझी घाई फार लहान होती.

माझ्या गाडीचा कोड होता पी-०४२०, म्हणजे कॅटॅलिस्टचं काम अपेक्षेपेक्षा कमी. नवा कॅटॅलिस्ट म्हणजे मोठा खर्च. पण त्या पोराने आधी गाडी रॅम्पवर घेतली आणि मला खाली बोलावलं. इंजिन चालू होतं. सायलेन्सरचा पाईप जिथे बोल्टने जोडलेला असतो तिथे त्याने हात जवळ नेला, मग मलाही न्यायला सांगितला. गरम वाफेचा बारीक फटकारा तळहाताला लागला. पाईपची कड गंजून पापुद्रे सुटले होते आणि मधली गॅसकेट एका बाजूला झिजून गेली होती. शेजारच्या सेन्सरच्या कनेक्टरमध्ये हिरवट पूड जमली होती. आमच्याकडे दारांच्या पितळी कड्या, पितळी कुलपं, सगळ्यांवर हीच पूड चढते, आणि सायकलच्या चेनवर गंज. समुद्र घरापासून पाच मिनिटांवर आहे, त्याची खारी हवा लोखंड-तांबं कुणालाच सोडत नाही. त्या फटीतून धूर बाहेर येत होता, तशीच धुराच्या दोन धक्क्यांमध्ये बाहेरची हवाही आत ओढली जात होती आणि मागच्या सेन्सरला नको तो ऑक्सिजन दिसत होता. कॅटॅलिस्ट धड होता. गॅसकेट बदलली, पाईपला वेल्डिंग केलं, कनेक्टर साफ केला. काहीतरी बिघडलंय हे तुम्ही बरोबर दाखवलं होतं, ते कशामुळे ते शोधणं माणसाचं काम होतं.

मग कोड पुसला. यावेळी दुरुस्तीनंतर पुसला, हा फरक मी आता जन्मभर विसरणार नाही. आणि तुम्हाला तुमचं काम करू द्यायचं ठरवलं.

इथे आमच्या किनाऱ्याची अडचण तुम्हाला सांगितली पाहिजे. नागाव ते अलिबाग, अलिबाग ते रेवदंडा, सगळीकडे नारळी-पोफळीच्या वाड्यांमधून जाणारा अरुंद रस्ता. दर थोड्या अंतरावर गतिरोधक, वळणावर मिनीडोअर रिक्षा थांबलेली, शनिवार-रविवारी पर्यटकांच्या गाड्यांची रांग. तिसऱ्या गियरच्या वर जायची संधी क्वचितच. बाजारात जाऊन आलो की चार किलोमीटर होतात आणि इंजिन तापतं न तापतं तोच गाडी अंगणात. डिझेल गाड्यांचे हाल तर आणखी वाईट. काजळी अडवणारा फिल्टर स्वतःला जाळून साफ करतो, पण अशा तुटक फेऱ्यांत तेवढी उष्णता तयार होत नाही आणि फिल्टर भरत जातो. मांडव्याहून रो-रो बोटीत गाडी चढवली तर ती मुंबईला पोचते खरी, पण इंजिन बंद असल्यामुळे तुमच्या वहीत तेवढा प्रवास झालेलाच नसतो.

मला मुंबईला दवाखान्यात जायचंच होतं, तेव्हा यावेळी मी बोट टाळली. रात्रभर गाडी अंगणात थंड होऊ दिली. टाकी अर्धी होती. पहाटे साडेपाचला चावी फिरवली आणि तीन मिनिटं गाडी जागेवरच चालू ठेवली, एसी बंद. मग कार्लेखिंड, पोयनाड, वडखळ. खिंडीच्या चढ-उतारात इंजिन चांगलं तापलं. पेण आणि खारपाडा मागे टाकून चिर्ल्यापाशी अटल सेतूवर चढलो. १२ जानेवारी २०२४ ला उद्घाटन झालेला हा २१.८ किलोमीटरचा पूल आपल्याच जिल्ह्याच्या किनाऱ्यावरून निघतो. १०० ची मर्यादा, सिग्नल नाही, गतिरोधक नाही. ८० वर पाय स्थिर ठेवला. दोन्ही बाजूंना ओहोटीचा चिखल, त्यावर पक्षी, आणि गाडीचा एकसुरी आवाज. शिवडी जवळ आल्यावर मागचा रस्ता मोकळा बघून ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला आणि ब्रेक न लावता गाडीला आपोआप हळू होऊ दिलं. इंजिनाला पेट्रोल बंद होतं त्या काही सेकंदांत सेन्सर काय सांगतो, तेही तुम्हाला बघायचं असतं म्हणे. प्रत्येक कंपनीची रीत थोडी वेगळी असते. माझ्या गाडीला एका फेरीत सगळं जमलं नाही. परतीच्या प्रवासात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मिळून जमलं.

हे करताना मला आमच्या अलिबागच्या चुंबकीय वेधशाळेची फार आठवण झाली. मुंबईच्या कुलाब्याला १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी होत होत्या. शहरात विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर त्या नोंदी बिघडणार हे नानाभाई मूस यांनी ओळखलं आणि वेधशाळेची जागा अलिबागला ठरवली. लोखंडाचा स्पर्श टाळून इमारत बांधली. पण १९०४ ला इथलं काम सुरू झाल्यावर त्यांनी कुलाब्याचं लगेच बंद केलं नाही. १९०६ पर्यंत दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या, जुना आकडा आणि नवा आकडा जुळतात याची खात्री केली आणि मगच कुलाब्याची वही मिटली. नव्या जागेवरच्या आकड्यावर विश्वास ठेवायला त्यांनी दोन वर्षं दिली. मला तुम्हाला दोन दिवस द्यायला जड जात होतं.

आता एक जाहीर मागणी. आमच्या पीयूसी केंद्रावर बीएस-चार आणि बीएस-सहाच्या पेट्रोल गाडीत बघतात ते मुख्यतः जागेवर चालणाऱ्या इंजिनाचा कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्क्यांच्या आत आणि हायड्रोकार्बन २०० पीपीएमच्या आत आहे का. ही तपासणी मोलाची आहे, ती बंद व्हावी असं मी म्हणणार नाही. पण ती एका जागेवरची, काही मिनिटांची आहे आणि तिचा कागद वर्षभर चालतो. तुम्ही मात्र चढावर, उतारावर, थंडीत, गर्दीत, रोज गाडीबरोबर असता. नळीबरोबरच सॉकेटलाही एक यंत्र लागावं. कोड आहे का, मॉनिटर पूर्ण आहेत का, पुसल्यापासून गाडी किती किलोमीटर चालली, एवढं कागदावर छापून यावं. ज्याचे मॉनिटर अपूर्ण असतील त्याला दंड नको, दहा-पंधरा दिवसांची मुदत द्यावी. कारण प्रामाणिक माणसाचीही बॅटरी बदललेली असू शकते, माझ्या लेकीसारखी.

आणि जुनी गाडी घेणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं. मालक म्हणेल दिवा नाही, पीयूसी ताजी आहे. तरी स्कॅनर लावून घ्या. सगळेच मॉनिटर अपूर्ण दिसले तर फळा हल्लीच पुसलेला आहे. आठवडाभर थांबा आणि पुन्हा बघा. ज्यांचा दिवा लुकलुकतो आहे त्यांनी तर गाडी दामटू नये. ठिणगी चुकल्यामुळे न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिस्टमध्ये जाऊन त्याला कायमचं निकामी करू शकतं. तो दिवा पुसून टाकायला सांगणारा तुमचा मित्र नव्हे.

मुंबईच्या त्या फेरीनंतर तिसऱ्या दिवशी चौलच्या गॅरेजमध्ये पुन्हा पडदा बघितला. तीन ओळी, तिन्हींपुढे पूर्ण, कोड एकही नाही. पोरगा काहीच बोलला नाही, त्याने नुसता अंगठा दाखवला. घरी येऊन मी स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयावर पुढच्या पीयूसीची तारीख लिहिली आणि तिच्या महिनाभर आधीच्या रविवारी एक गोल केला. तेव्हा स्कॅनर लावायचा. काही निघालंच, तर दुरुस्तीला आणि तुमच्या खात्रीला पुरेसे दिवस हातात असतील.



आपला,
एक गाडीमालक