ओमाहाहून परतताना

दहावीचा निकाल लागला की कुणीतरी विचारतंच, "सर, तालुक्यात पहिला तुमच्या शाळेचा का?" वीस वर्षांत मला एकदाही 'हो' म्हणता आलेलं नाही. अशा वेळी माइक मार्टिन आठवतात.

अमेरिकेतल्या फ्लोरिडा स्टेट विद्यापीठाच्या बेसबॉल संघाचे ते १९८० ते २०१९ मुख्य प्रशिक्षक होते. ४० हंगाम, २,०२९ विजय. ते निवृत्त झाले तेव्हा कॉलेज बेसबॉलमध्ये इतके विजय दुसऱ्या कुणाच्याच नावावर नव्हते. दरवर्षी त्यांचा संघ राष्ट्रीय स्पर्धेत खेळला. तिची शेवटची फेरी ओमाहा शहरात होते. तिथे आठच संघ पोचतात. मार्टिन १७ वेळा पोचले, अगदी शेवटच्या वर्षीही. विजेतेपद मात्र एकदाही मिळालं नाही. २०२४ मध्ये ते वारले.

त्यांना अपयशी म्हणायला माझी जीभ रेटत नाही. मग स्वतःचा हिशेब मांडताना मी तालुक्याचीच यादी का धरून बसतो?

परवा बाजारात एक जुनी विद्यार्थिनी भेटली. "अस्सलाम अलैकुम सर, मीही आता शिकवते," म्हणाली. तिला दहावीत किती टक्के होते, ते काही केल्या आठवेना.