थोडेसे वाकडे

सरळपणाचे वेड मला वारशानेच मिळाले असावे. ज्या गावचा देवच विटेवर समचरण उभा आहे, त्या गावात जन्मलेल्या माणसाला तिरपी चौकट दिसली की चैन पडू नये, यात नवल ते काय! त्यातून मी तीस वर्षे शाळेत सुतारकाम शिकवले. गुण्या आणि ओळंबा ही माझी दोन दैवते. पंढरपुरात कुणाकडे जेवायला गेलो तरी पाट लटपटतो का, हे आधी पाहतो आणि मगच बसतो, अशी माझी ख्याती आहे.

अशा या माझ्या घरी गेल्या दिवाळीला नातू आला, तो काखेत विमान घेऊन. पंधरा वर्षांचे पोर. पुण्यास एका जाणत्या गृहस्थांच्या हाताखाली रेडिओवर चालणारी विमाने उडवायला शिकले आहे. हे विमान मात्र त्याने स्वतः बांधलेले. पंखांची लांबी दीड मीटर आणि अंग बाल्सा लाकडाचे, आपल्याकडच्या बाशिंगाच्या भेंडासारखे हलके. सारे तयार होते. फक्त नाकात इंजिन बसवायचे राहिले होते.

"बाबा म्हणाले, हे काम आजोबांकडे ने. लाकडाचं त्यांना कळतं."

मी उगीचच चष्मा पुसू लागलो. त्याचे कारण सांगायला हवे.

१९८७ साली याचा बाप दहावीला होता. बांबूच्या कामट्या, भेंड नि पतंगाचा कागद यांचे एक विमान त्याने महिनाभर खपून केले होते. परीक्षा तीन आठवड्यांवर आलेली आणि हा माडीवर कागदाला खळ लावीत बसलेला! मी काही बोललो नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे ते विमान मी बंबात घातले. भेंडच ते, पाणी कोमट व्हायच्या आत संपले. त्याने त्याच पाण्याने आंघोळ केली, शाळेत गेला आणि पुढे उत्तम रीतीने पासही झाला. त्या विमानाविषयी तो कधी एक अक्षर बोलला नाही.

असो. नातवाचे इंजिन चार घन सेंटीमीटरचे, मुठीत मावेल एवढे. मोटारीसारखी त्याच्या प्लगमध्ये ठिणगी पडत नाही. प्लॅटिनमयुक्त बारीक तार तापून लाल होते आणि तीच इंधन पेटवीत राहते. इंधन म्हणजे मिथेनॉल, आणि त्यात वंगणाला चक्क एरंडेल! लहानपणच्या रविवारच्या सकाळी आठवून मला त्या इंजिनाची दयाच आली. पण एवढेसे यंत्र मिनिटाला दहा हजारांहून अधिक फेरे घेते. त्याची सारी थरथर सोसायची ती नायलॉनच्या दोन बाहूंच्या माउंटने आणि त्यामागच्या सहा मिलिमीटर प्लायच्या फळीने.

मी गुण्या लावून फळीवर चार भोके आखली आणि गिरमिट उचलले.

"आजोबा, थांबा! इंजिन थोडं वाकडं बसवायचं असतं."

"वाकडं? माझ्या हातून?"

मग पोराने मला धडा दिला. प्रोपेलर मागून पाहता घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरतो. त्याचा उलटा हिसका विमानाला डावीकडे कलवतो. शिवाय त्याने मागे फेकलेली हवा अंगाभोवती पीळ घेत शेपटीच्या उभ्या पात्यावर डावीकडून आदळते आणि नाक डावीकडे वळते. म्हणून इंजिनाचे तोंड आधीच दोन अंश उजवीकडे ठेवायचे आणि, जोर वाढताच नाक वर उचलू नये म्हणून, किंचित खाली. १७ डिसेंबर १९०३ रोजी उडालेल्या राईट बंधूंच्या विमानातही इंजिन मधोमध नव्हते, हेही त्याने सांगितले. वैमानिक डावीकडे पालथा, जड इंजिन उजवीकडे. म्हणून उजवा पंख चार इंच लांब!

मी गुण्या खाली ठेवला. फळीपासून प्रोपेलर नव्वद मिलिमीटर पुढे. दोन अंशांत तो तीन मिलिमीटर उजवीकडे जाणार. तेव्हा माउंटच तीन मिलिमीटर डावीकडे सरकवला, म्हणजे टोक पुन्हा नाकाच्या मध्यावर आले. डावीकडच्या बोल्टांमागे वायसर घातले. दात असलेले नट फळीच्या पाठीमागून बसवले. इंधन लाकडात मुरू नये म्हणून फळीला इपॉक्सीचा हात दिला. जन्मात प्रथमच मी मुद्दाम वाकडे काम केले, आणि तेही काटेकोरपणे. दोन अंश म्हणजे दोन, अडीच नव्हेत.

बोल्ट आवळता आवळता मनात आले, की मुलाला घडवताना मी नुसता गुण्याच लावीत राहिलो. त्याच्या अंगच्या ओढीला किती अंशांची सूट द्यावी, हे कधी मोजलेच नाही.

चंद्रभागेच्या वाळवंटात माणसांची सदा वर्दळ. म्हणून मंगळवेढ्याच्या वाटेवरचा एक ओसाड माळ गाठला. इंजिन किंचाळले, विमान धावले आणि ओळंब्याच्या दोरीसारखे सरळ वर चढले. डावीकडे केसभरही नाही! सात-आठ मिनिटांनी उतरताना मात्र चाक ढेकळात अडकून ते नाकावर आपटले. प्रोपेलर मोडला. माउंट जागचा हलला नव्हता.

रात्री मुलाचा फोन आला.

"अण्णा, इंजिन ढिलं नाही ना झालं?"

"नाही."

"वाटलंच मला."

पलीकडे तो थांबला. अलीकडे मीही थांबलो. शेवटी मीच म्हणालो, "तुझं ते भेंडाचं विमान... तेही चांगलं उडालं असतं रे."

"उडालं होतं, अण्णा," तो म्हणाला. "आदल्या संध्याकाळी. माडीवरून पार पलीकडच्या वाड्यापर्यंत. तुम्ही घरी नव्हता."

नरकचतुर्दशीच्या पहाटे बंब पेटवायला बसलो. सौभाग्यवतीने कामाच्या जागेवरचे लाकडाचे सारे तुकडे सुपात भरून आणून दिले. प्लायचे तुकडे मी आत सारले. बाल्साचे मात्र वेचून बाजूला ठेवले.

"अहो, ते कशाला ठेवताय? चांगले पेटतील!"

"ठाऊक आहे," मी म्हणालो.