चोंग्यांचं पान

2024 च्या रमजान ईदला अम्मीचा उजवा हात प्लॅस्टरमध्ये होता. भाभी बाळंतपणासाठी माहेरी गेलेली. त्यामुळे ईदचा सगळा स्वयंपाक आयुष्यात पहिल्यांदाच एकट्या माझ्यावर आला. मी अडतीस वर्षांची, बी. एड. झालेली, चौदा वर्षं उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवणारी बाई. पण शीरखुर्म्यात शेवया कधी सोडायच्या हे मला माहीत नव्हतं. मी त्या पहाटेच दुधात सोडल्या. ईदची नमाज होऊन पुरुषमंडळी घरी येईपर्यंत शेवयांनी सगळं दूध पिऊन टाकलं होतं. दरवर्षीप्रमाणे शेजारच्या काकूंकडे डबा पाठवला. रिकामा डबा परत करायचा नाही म्हणून त्यांनी त्यात साखर घालून दिली आणि म्हणाल्या, "खीर छान झाली होती हो."

खीर! शीर म्हणजे दूध आणि खुर्मा म्हणजे खजूर, हे मी दरवर्षी वर्गात मुलांना सांगते. माझ्या हातून मात्र खीर झाली.

त्याच रात्री दोनशे पानी वही काढली. अम्मी खाटेवर बसून सांगणार आणि मी लिहिणार, असं ठरलं. इतक्या वर्षांत मी त्या स्वयंपाकघरात नेमकं काय केलं होतं, याचा हिशेब केला तेव्हा लसूण सोलणं, कांदा चिरणं आणि नंतर भांडी घासणं एवढंच हाती आलं. फोडणीजवळ अम्मीनं कुणाला कधी उभंच केलं नाही. "तू पढ. चूल्हा कां भागता?" असं म्हणायची. ती स्वतः उर्दू चौथीपर्यंत शिकलेली. तिच्या या एका वाक्यावर माझं डी. एड. आणि बी. एड. झालं, म्हणून तक्रार तरी कशी करणार?

पहिले दोन महिने भांडणात गेले. मी विचारायची, मीठ किती? ती म्हणायची, "अंदाजसे." अंदाज म्हणजे किती? "हात को मालूम पडता गे." मला पाठ टाचणाची सवय. उद्दिष्टं, शैक्षणिक साहित्य, कृती, मूल्यमापन असे रकाने आखून मी दालच्याची कृती लिहिली होती. ती वाचून दाखवली तेव्हा अम्मी इतकी हसली की प्लॅस्टरमधला हात दुखला. कमलाबाई ओगले यांचं 'रुचिरा' 1970 साली आलं आणि वाटी-चमच्यांच्या मापांनी कितीतरी नव्या सुनांची अब्रू वाचवली. आमच्या घरीही त्याची एक जुनी प्रत आहे, काकूंनीच दिलेली. मी अम्मीसमोर एक वाटी आणि एक चमचा ठेवला. ती मूठभर डाळ उचलायची, मी ती मूठ वाटीत ओतून मोजायची. अम्मीची एक मूठ म्हणजे पाऊण वाटीला थोडी कमी. तिच्या तीन बोटांची चिमूट म्हणजे अर्धा चमचा. हा तक्ता वहीच्या पहिल्या पानावर आहे. पण डाव्या हाताची मूठ उजव्यापेक्षा लहान पडते हे कळलं, तेव्हा प्लॅस्टर निघाल्यावर सगळं पुन्हा मोजावं लागलं.

वही मराठीत लिहिली. शाळेतल्या सहकारी बाईंना याचं नवल वाटलं. मी उर्दू शिकवते, घरी दखनी बोलते, आणि स्वयंपाक मराठीत का? साधं कारण आहे. भाईजानची मोठी मुलगी मराठी शाळेत जाते. तिला उर्दू बोललेलं कळतं, पण वाचता येत नाही, आणि पुढे वही तिच्याच हाती जायची आहे. शिवाय लिहिताना लक्षात आलं की आमच्या घरचा बाजारहाट मराठीच आहे. धनिया हा शब्द मी पुस्तकात शिकवते, घरी तिला कोथमीर म्हणतो. अंबाड्याला, शेपूला अम्मी बाजारात ज्या नावानं हाक मारते, त्याच नावानं ती आमच्या भांड्यात येतात. सोलापूरच्या कडक भाकरीचं नाव उर्दूत कसं लिहायचं, हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता. आता पडला तर उत्तर सापडेना.

जुलै आला. 17 तारखेला मोहरमची दहावी होती. चांद्रवर्ष सूर्यवर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी लहान, म्हणून आपले सण ऋतूंमधून फिरत राहतात आणि बत्तीस-तेहतीस वर्षांनी पुन्हा त्याच ऋतूत येतात. 1992 साली मोहरम असाच जुलैत आला होता. मी तेव्हा पाच-सहा वर्षांची. पाऊस पडत होता, अंगणात मोठ्या देगेत खिचडा शिजत होता, दोन मामा आलटून पालटून घोटणीनं गहू, डाळ आणि गोश्त घोटत होते. सवारीपुढे पाण्याच्या घागरी ओतायला गल्लीतल्या हिंदू बायका ओल्या पदरानं उभ्या होत्या. आणि आत अम्मी चोंगे करत होती. तिच्या मागे मी, हातात बांबूची छोटी टोपली घेऊन. लाटलेल्या जाड गोड रोटीवर टोपलीचा तळ दाबायचा, म्हणजे विणीची नक्षी उमटते. ते काम माझं होतं.

खिचड्याचं पान मी लिहिलं. त्यातही एक अडचण आलीच. अम्मीचं सगळं गणित बड्याच्या गोश्ताचं. राज्यात गोहत्याबंदी 1976 च्या कायद्यानं होतीच, 2015 पासून बैलही त्यात आले. म्हशीला बंदी नाही, पण कसाई ओळखीचा होता तो धंदा सोडून गेला, आणि नंतर घरातही कुणाला ती कटकट नको झाली. आता बकऱ्याचं आणतो, तेही महिन्यातून एखाद्या वेळी. शिजायचा वेळ बदलला, गव्हाचं प्रमाण बदललं. मी दोन्ही मापं लिहिली आणि दोन्हींसमोर वर्षं घातली.

चोंग्यांचं पान मात्र कोरं राहिलं. भाईजान 2005 च्या सुमारास जमातीत जाऊ लागला. त्याआधी तो कसा होता, रात्री किती वाजता घरी यायचा, हे अम्मीलाच ठाऊक. त्याचं आयुष्य सावरलं हे मी कधी नाकारणार नाही. पण त्यानंतर घरातल्या फातिहा बंद झाल्या, रजबचे कुंडे गेले, मलिदा गेला, चोंगे गेले. कुणी भांडून बंद केलं नाही. एका मोहरमला त्यानं शांतपणे सांगितलं की याला दीनमध्ये आधार नाही, आणि पुढच्या मोहरमला अम्मीनं गूळ आणलाच नाही. खिचडा टिकला, कारण तो हिवाळ्यातल्या कुठल्याही रविवारी करता येतो. चोंग्यांना दुसरा दिवसच नव्हता.

मी विचारलं तेव्हा अम्मी म्हणाली, "वो नक्को लिखू." मी म्हटलं, फातिहा नाही, सवारी नाही, फक्त पीठ आणि गूळ लिहिते. ती काही बोलली नाही. या बाबतीत कोण बरोबर, हे सांगण्याइतकं माझं इल्म नाही. पण वीस वर्षांपूर्वी अम्मीनं एक पदार्थ सोडला तेव्हा तिला कुणी काही विचारलं नव्हतं, मीसुद्धा नाही, हे मात्र मला त्या दिवशी लागलं.

डिसेंबरात, शाळेच्या सुट्टीत, कसलाही सण नसलेल्या एका मंगळवारी तिनं आपणहून परात मागितली. प्लॅस्टर कधीच निघालं होतं, पण मनगटात जोर नव्हता म्हणून मळलं मी. दोन वाट्या गव्हाचं पीठ, मूठभर रवा, तुपाचं मोहन, बडीशेप, वेलची, किसलेलं सुकं खोबरं. वाटीभर गूळ पाण्यात विरघळवून गाळून घेतला. टोपली कुठली मिळायला. चहाच्या गाळणीची जाळी दाबली. मंद तव्यावर तूप सोडून दोन्ही बाजूंनी भाजले. पहिले दोन करपले. तिसऱ्याच्या वासानं मी क्षणभर पुन्हा पाच वर्षांची झाले.

भाईजान मुलीला घ्यायला आला. "ये क्या?" त्यानं विचारलं. "मीठी रोटी," अम्मी म्हणाली. त्यानं ताटाकडे पाहिलं. खाल्लं नाही. चप्पल घालता घालता मात्र मागे वळून म्हणाला, "खसखस नई लगाए?"

खरंच, खसखस राहिली होती.

रात्री मी पान लिहिलं. वर नाव काय घालावं ते सुचेना, म्हणून जागा सोडली. मग नेहमीप्रमाणे अम्मीला वाचून दाखवलं, कारण तिला मराठी वाचता येत नाही. तिनं खसखस वाढवायला लावली आणि पेन्सिल मागितली. कोऱ्या जागेच्या उजव्या टोकापासून, अजून नीट न वळणाऱ्या हातानं तिनं लिहिलं: चे, वाव, नून, गाफ, बडी ये. माझ्या वर्गात असं अक्षर कुणी काढलं तर मी पुन्हा लिहायला लावते.

भाचीनं दुसऱ्या दिवशी वही उघडून विचारलं, "फुफी, हे वर काय लिहिलंय?" तिला पाच अक्षरं शिकवली. गुळाच्या पाण्याचं माप तेवढं अजून लिहायचं राहिलं आहे. अम्मी म्हणते, ते पिठावर असतं.