भाकड गुरांच्या वाट्याचे संशोधन

छत्रपती संभाजीनगरच्या छावणी भागात दर गुरुवारी आठवडी बाजार भरतो. भाजीपाल्याच्या दुकानांपलीकडे गुरांची दावण लागते. दुभत्या म्हशीला गिऱ्हाईक लवकर मिळते. भाकड गाय आणि थकलेला बैल मात्र ताटकळत राहतात. दुष्काळी वर्षांत कडब्याचे भाव चढतात, जनावरांचे उतरतात आणि शेतकऱ्याचा हात आखडतो. राज्यात 2015 पासून बैलांनाही गोवंश हत्याबंदीचे संरक्षण मिळाले. त्यामुळे अशा मुक्या जिवांचा आधार गोशाळा आणि पांजरापोळ हाच उरतो, आणि तेथील दावणीला चारा घालणारा दाता बहुधा आपल्याच समाजातील असतो.

या दावणीचा हवामानाशी संबंध आहे. गाय-म्हैस रवंथ करते, तेव्हा तिच्या पोटातील सूक्ष्मजीव चाऱ्याचे पचन करताना मिथेन वायू तयार करतात. तो मुख्यतः ढेकरेवाटे बाहेर पडतो. शंभर वर्षांच्या हिशेबात मिथेनची उष्णता धरून ठेवण्याची क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 28 पट मानली जाते. खाल्लेल्या चाऱ्यातील साधारण 6 टक्के ऊर्जा याच वाटेने वाया जाते. कोरडा, निकस कडबा पचायला जड असल्याने ही गळती वाढते. 2019 च्या पशुगणनेनुसार भारतात 19 कोटींहून अधिक गाय-बैल आणि सुमारे 11 कोटी म्हशी आहेत. परदेशात गुरांची संख्या घटवण्याचा उपाय सुचवला जातो. तो मार्ग आपल्याला मान्य नाही. म्हणूनच चाऱ्यात सुधारणा करण्याचे संशोधन येथे अधिक मोलाचे ठरते.

या दिशेने काम झाले आहे. बंगळुरूच्या राष्ट्रीय पशुपोषण संस्थेने टॅनिनयुक्त वनस्पतींपासून ‘हरित धारा’ हे पूरक खाद्य विकसित केले. त्याने मिथेन 17 ते 20 टक्क्यांनी घटतो, असे संस्था सांगते. न्यूझीलंडमध्ये 2003 साली अशा संशोधनासाठी पशुधनावर कर लावण्याचा प्रस्ताव आला. शेतकऱ्यांच्या विरोधामुळे तो मागे पडला आणि पशुपालन उद्योगाने संशोधनाच्या खर्चात वाटा उचलला. कारण उघड आहे: तेथील प्रत्येक जनावर उत्पन्न देते.

भाकड गाईच्या बाबतीत हा हिशेब जुळत नाही. तिच्यासाठी खाद्य शोधणाऱ्याला दुधातून परतावा मिळणार नाही. म्हणून बाजार तिच्यावर पैसा लावणार नाही. तिच्यासाठी दाताच हवा.

छावणीतून शहराकडे येताना खाम नदीकाठी पाणचक्की लागते. यात्रेकरू आणि फकिरांसाठी येथे धान्य दळले जाई. ज्यांनी ती उभारली, त्यांनी केवळ पीठ वाटले नाही. डोंगरातले पाणी नहरीने आणून दळणाची कायमची सोय केली. चाऱ्याचे दान आवश्यकच आहे. परंतु त्याच चाऱ्यातून जनावराला अधिक पोषण कसे मिळेल, हे शोधण्यासाठी दिलेले दान पाणचक्कीच्या जातीचे आहे.

परभणीचे पशुवैद्यकीय महाविद्यालय मराठवाड्यातच आहे. गोशाळांनी तेथील तज्ज्ञांशी करार करावा, चारा निधीचा एक लहान हिस्सा त्यासाठी राखून ठेवावा आणि दरवर्षी हिशेब जाहीर करावा. एक अट मात्र स्पष्ट लिहून घ्यावी. अशा संशोधनात जनावराच्या पोटाला छिद्र पाडून नमुने घेण्याची पद्धत प्रचलित आहे. ती येथे वापरू नये. श्वास आणि ढेकरेतील वायू मोजूनही मिथेनचा अंदाज घेता येतो. जीवदयेच्या पैशातून जिवाला इजा होऊ नये, ही मर्यादा पाळली, तर भाकड गाईचे पोट भरणे आणि पृथ्वीचा ताप कमी करणे ही दोन कामे एकाच दानातून होऊ शकतील.