कुणाच्याच फायद्याची नसलेली चाचणी

फेब्रुवारी २०००, केप टाऊन. तिथल्या बैठकीतून टीबी अलायन्स ही ना-नफा संस्था उभी राहिली. मुख्यालय न्यूयॉर्कला, पण स्वतःचा औषध कारखाना नाही. सरकारं, फाउंडेशनं, विद्यापीठं आणि औषध कंपन्या यांची मोट बांधून क्षयावर नवी औषधं काढायची, हे तिचं काम.

•

प्रेटोमॅनिड या क्षयावरच्या औषधाचे हक्क या संस्थेनं कायरॉन कंपनीकडून २००२ मध्ये घेतले. अमेरिकेच्या एफडीएची मंजुरी मिळाली ऑगस्ट २०१९ मध्ये. मधली सतरा वर्षं हे औषध विकता येत नव्हतं, खर्च मात्र चालूच. देणगीदार अनुदान देतात ते बहुधा तीन-चार वर्षांचं, तेही ठरावीक प्रकल्पापुरतं. औषधाला लागणारा काळ आणि पैशाची मुदत यांचा मेळच बसत नाही. माझ्या मते खरी अडचण रकमेपेक्षा ही आहे.

•

औषधाला दाद न देणाऱ्या क्षयावर तीन गोळ्या एकत्र द्यायच्या: जॉन्सन अँड जॉन्सनचं बेडाक्विलिन, फायझरनं विकलेलं जुनं लिनेझोलिड आणि अलायन्सचं प्रेटोमॅनिड. तीन घरची तीन औषधं एकत्र तपासून बघण्यात कुठल्या कंपनीला रस असणार? दक्षिण आफ्रिकेत अलायन्सनं ते केलं. १०९ रुग्णांपैकी ९० टक्क्यांना गुण आला.

पण लिनेझोलिड दिवसाला १२०० मिलिग्रॅम. पायांना मुंग्या येतात, मग आग होते, मग तळवे बधिर. चप्पल पायातून निसटली तरी कळत नाही. डोस निम्मा केला तर? दक्षिण आफ्रिका, रशिया, जॉर्जिया आणि मोल्डोवातल्या १८१ रुग्णांवर पुढची चाचणी झाली. २६ आठवडे ६०० मिलिग्रॅम घेणाऱ्यांत यश ९१ टक्के, १२०० वाल्यांत ९३. नसांचा त्रास मात्र ३८ टक्क्यांवरून २४ वर आला.

आपली गोळी कमी खपावी म्हणून कोणती कंपनी चाचणीवर पैसा घालेल? हा पैसा सार्वजनिकच असावा लागतो.

•

आपल्याकडे या तीन औषधांना मॉक्सिफ्लॉक्सासिन या चौथ्या औषधाची जोड देऊन केंद्रानं सप्टेंबर २०२४ मध्ये मंजुरी दिली. वीस महिन्यांपर्यंत लांबणारे उपचार सहा महिन्यांवर आले. प्रेटोमॅनिड बनवण्याचा परवाना अलायन्सनं मुंबईच्या मॅक्लिऑड्स कंपनीलाही दिला आहे.

•

किमतीचं काय? बेडाक्विलिनच्या विकासात सार्वजनिक पैसा कंपनीच्या पैशाच्या तीन ते पाच पट होता, असा २०२० मधल्या एका अभ्यासाचा अंदाज. तरी पेटंट कंपनीचं! ते भारतात आणखी लांबू नये म्हणून मुंबईच्या नंदिता वेंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा तिसिले यांनी हरकत घेतली. क्षयाच्या औषधांनी दोघींची श्रवणशक्ती गेली होती. मार्च २०२३ मध्ये पेटंट कार्यालयानं कंपनीचा अर्ज फेटाळला. जनतेचा पैसा घेतानाच किमतीची अट लिहून घेतली असती, तर या लढाईची वेळ दोघींवर आली नसती.

•

२०२५ मध्ये अमेरिकेनं यूएसएड ही आपली परदेशी मदत देणारी संस्था मोडीत काढली. अलायन्सच्या मोठ्या देणगीदारांपैकी ती एक.

जगातले जवळपास एक चतुर्थांश क्षयरुग्ण आपल्या देशात आहेत. तेव्हा केंद्र सरकारनं आणि आपल्या औषध उद्योगानं अशा संस्थांना निदान दहा वर्षांचा, एका प्रकल्पाला न जखडलेला निधी द्यावा, आणि किमतीची अट पहिल्याच करारात घालावी.