वाद्यांच्या यादीविषयी

चि. भाचीस,

तुझे पत्र आणि त्यासोबतची खर्चाची यादी दोन्ही पोचली. परदेशांतील निराधार मुलांना संगीत शिकविणाऱ्या शाळांकडे वाद्ये पाठविण्याचा तुमच्या मंडळाचा मनोदय स्तुत्यच आहे. परंतु सबंध यादीत तबले, व्हायोलिने आणि पेट्या यांखेरीज एकही रक्कम आढळू नये याचे मला नवल वाटले, आणि म्हणूनच काबूलच्या एका विद्यालयाची हकिकत तुला सविस्तर कळवावी असे मनात आले.

अहमद सरमस्त हे सलीम सरमस्त या नामवंत अफगाण संगीतकाराचे चिरंजीव. ऑस्ट्रेलियातील मोनाश विद्यापीठाची डॉक्टरेट घेऊन ते मायदेशी परतले आणि २०१० साली, जेथे दशकभरापूर्वी तालिबानी अमलाखाली वाद्य वाजविणे हाच गुन्हा ठरत असे त्या शहरात, मुलगे आणि मुली एकत्र शिकतील असे राष्ट्रीय संगीतविद्यालय त्यांनी उघडले. निम्म्या जागा अनाथांसाठी आणि रस्त्यावर पिशव्या वा च्युइंगम विकून घरखर्चाला हातभार लावणाऱ्या मुलांसाठी राखीव. उरलेल्या जागा परीक्षा देऊन येणाऱ्यांसाठी. अनाथांचे स्वतंत्र वाद्यवृंद काढून त्यांच्या दैन्याचे प्रदर्शन मांडण्याची जी खोड दानशूर लोकांना असते, तिला येथे मुळातच वाव ठेवला नव्हता.

पण मला सर्वांत अधिक मोलाची वाटते ती जमाखर्चातील एक बाब. रस्त्यावरचे मूल वर्गात येऊन बसले म्हणजे त्याच्या घरची त्या दिवसाची मिळकत बुडते, आणि चार दिवस मिळकत बुडाली की आई, मनात असो वा नसो, त्याला पुन्हा चौकात उभे करते. हे ओळखून अशा मुलांच्या घरी दरमहा सुमारे तीस डॉलरचा तनखा देण्याची तजवीज करण्यात आली. तनखा छायाचित्रात दिसत नाही, म्हणून वर्गणीदारांना तो रुचत नाही, हे मी जाणतो. तरीही पहिली रक्कम तीच घाल.

शिकवायचे काय, हा तुझा प्रश्नही रास्त आहे. त्या विद्यालयात पियानो, व्हायोलिनच्या जोडीने रबाब, सतार, सरोद आणि तबलाही शिकवीत, आणि त्यासाठी हिंदुस्थानातून शिक्षक जात. हे परके कलम नव्हे: अमीर शेर अली खानाने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इकडचे गवई-वादक नेऊन दरबारी ठेवले, त्यांचे वंशज काबूलच्या खराबात मोहल्ल्यात पिढ्यान्‌पिढ्या राग-ताल जतन करीत राहिले, आणि त्याच मोहल्ल्यातले उस्ताद सराहंग पतियाळा घराण्याची तालीम घेऊन गेले. तेव्हा ज्या देशी पाठवायचे तेथील मुलांच्या कानी आधीपासून काय आहे, याची चौकशी केल्यावाचून वाद्ये ठरवू नकोस. आणि तबला पाठवायचाच तर एकटा पाठवू नकोस. कोरड्या थंडीत पुडी ताठरते, शाईला तडे जातात, टवके उडतात. अशा वेळी जवळ जादा पुड्या, वादी आणि मढविणारा जाणता हात नसेल, तर उत्तम तबलाजोडी वर्षभरात कपाटाची शोभा होऊन बसते.

पुढची कहाणी दुःखद आहे. २०१४ च्या डिसेंबरात विद्यार्थ्यांच्या प्रयोगात आत्मघातकी स्फोट झाला. सरमस्त जबर जखमी झाले, काही काळ ऐकूही येईना. तरी मुलींचा ‘जोहरा’ वाद्यवृंद २०१७ साली दावोसला वाजवून आला. २०२१ च्या ऑगस्टात सत्ता पालटून पुन्हा तालिबानकडे गेली. विद्यार्थी, शिक्षक आणि त्यांचे आप्त मिळून २७३ माणसे दोहामार्गे पोर्तुगालला पोचली, वाद्ये बहुतेक मागेच राहिली, आणि तरीही ब्रागा व गिमाराइश या गावांत विद्यालय पुन्हा सुरू झाले. विद्यार्थ्यांना परदेश-दौऱ्यांवर नेण्याचा सरमस्तांचा सोस मला कधीकधी अतिरेकी वाटे. परंतु संकटसमयी ज्यांनी दारे उघडली, त्यांतले पुष्कळ जण त्याच दौऱ्यांतले श्रोते असावेत, असा माझा तर्क आहे.

तेव्हा यादीतील व्हायोलिने निम्मी कर, आणि तनखा, शिक्षकाचा पगार व दुरुस्ती अशा तीन रकमा नव्याने मांडून कच्चा खर्डा मजकडे धाड. माझी वर्गणी सोबत आहे. ती पुड्यांच्या खाती जमा करावी. पावतीची घाई नाही.

तुझा
मामा